मी खोडलेल्या सात ओळी

आमच्या घरात मला सगळे दत्ता म्हणतात. आबा होते तोवर ‘दत्त्या’ म्हणायचे, माय अजून ‘लेकरा’ म्हणते, दादाला चिडवायची लहर आली की ‘मास्तर’. फक्त कमलवहिनी मला ‘सर’ म्हणते. ‘सर, भाकर वाढू का?’, ‘सर, पाणी तापलंय’, ‘सर, ती खाट जरा सरकवा बरं.’ आलेल्या पाहुण्यांना याचं फार कौतुक वाटतं. सख्ख्या दिराला एवढा मान देणारी भावजय आता कुठे बघायला मिळते, असं दोघातिघांनी मला तोंडावर सांगितलं आहे. मी ताटाकडे बघत घास चावत राहतो. ‘सर’ म्हणायला तिला मीच सांगितलं होतं. का सांगितलं होतं आणि पुढे त्याचं काय झालं, एवढंच या प्रकरणात लिहायचं आहे. बाकीच्या प्रकरणांत मी थोडाफार बरा माणूस दिसतो, इथे दिसणार नाही.

आमची वस्ती राणीसावरगावच्या शिवारात, गावापासून दीड कोसावर. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे काटेरी कुंपणाचं आवार आणि त्यात साठ-सत्तर मेंढरं, दहाबारा शेळ्या. पहाटे पहिला आवाज कोकरांचा. रात्रभर आयांपासून वेगळी डालग्याखाली कोंडलेली कोकरं अशी ओरडायची की पत्रे थरथरतात असं वाटावं. मग वहिनीच्या भाकरीच्या थापा, मग मायच्या चातीची घरघर. माय उभ्या उभ्या लोकर कातायची, कातता कातता बोलायची, बोलता बोलता कोंबड्या हाकलायची. न्याहारीला भाकर, शेंगदाण्याची चटणी, कधी आदल्या दिवशीचं येसराचं कालवण. चहा शेळीच्या दुधाचा. आबांना शंभरापर्यंत आकडे यायचे नाहीत, ते विसांनी मोजायचे. ‘तीन इसा नि सात’ म्हणाले की सदुसष्ट मेंढरं. सांजच्याला कळप आवारात शिरताना ते नुसते फाटकाशी उभे राहायचे, बोटही हलवायचे नाहीत, आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचे, ‘एक कमी हाय, कानफाटी मागं ऱ्हायली.’ ते कधी चुकले नाहीत. मला मात्र त्या इसांची लाज वाटायची. विसापुढे मोजता न येणाऱ्या माणसाचा मी मुलगा, हे कुणाला कळू नये म्हणून मी काय काय केलं त्याची यादी मोठी आहे.

मला सगळ्याचीच लाज वाटायची. तांब्यात निखारे घालून मी शर्टाला इस्त्री करायचो, चंदनाचा साबण अंगाला दोनदा चोळायचो, वर पावडर, आणि तरी गंगाखेडला उतरल्यावर आधी स्वतःच्या बाहीचा वास घेऊन बघायचो. घोंगडीवर निजायचं मी बंद केलं. बारावी सायन्सला दोनदा गचकलेला, तिसऱ्या खेपेला काठावर सुटलेला हा इसम गंगाखेडच्या एका कंप्युटर क्लासमध्ये सहा महिन्यांचा कोर्स करून त्याच क्लासमध्ये शिकवायला लागला होता, महिना सहाशे रुपयांवर. क्लास म्हणजे एका खताच्या दुकानावरची खोली. पाच कंप्युटर, पाचांवर झालरीचे कपडे. चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीने यंत्र बिघडतं असं मालक सांगायचे. दसऱ्याला आम्ही मॉनिटरला हळदकुंकू लावायचो. मला सी भाषा येत होती ती एका झेरॉक्स नोट्सच्या गठ्ठ्यातून, आणि त्यातली मधली अकरा पानं गहाळ होती. त्या अकरा पानांवर काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. पण पोरं ‘सर’ म्हणायची. तो शब्द कानात गेला की मेंढरांचा वास जातो, असं मला खरंच वाटायचं.

अशात कमलवहिनीने क्लासला नाव घातलं. ती दहावी पास, आमच्या वस्तीत एवढं शिकलेली एकटीच बाई. म्हणूनच तिला बायकांच्या बचत गटाची सचिव केलं होतं. गटात पंधरा बायका, काही गावातल्या शेतीवाल्या, काही आमच्यासारख्या मेंढरंवाल्या. दर पुनवेला दुपारी शाळेच्या ओसरीवर बैठक भरायची, हप्ते गोळा व्हायचे, शेकडा दोन रुपये महिना असं व्याज. आता यात एक गोष्ट आमच्यासारख्यांसाठी ठरलेली होती. दिवाळी झाली की मेंढरंवाले कळप घेऊन बाहेर पडतात, ज्वारी निघालेल्या रानांत मेंढरं बसवत लांब जातात, आणि आखाडात पाऊस पडला की परततात. त्या काळात बाई गावातच नाही, तर हप्ता कुठून देणार? म्हणून गटाची रीत अशी होती की बाहेर असलेल्या पुनवा हिशेबात धरायच्याच नाहीत. हप्ता नाही आणि व्याजही नाही. परत आली की जिथून सोडलं तिथून पुढे. त्याच्या बदल्यात मेंढरंवाल्या बायका परतल्यावर गटाच्या शेतीवाल्या बायकांच्या रानात दोन दोन दिवस कळप फुकट बसवायच्या. लेंडीखत त्यांना, सवलत यांना. कागदावर हे कुठेच नव्हतं. त्यामुळे दर आखाडात भांडण. कोण कधी गेली, कोण कधी आली, कुणी एक पूनव जास्त लावली. गटाच्या अध्यक्ष ताराबाई, सरपंचांच्या घरच्या. त्या म्हणायच्या, ‘मेंढरंवाल्यांचे लाड बास झाले.’ वहिनीला हे भांडण मिटवायचं होतं. आकड्यांशी कुणी भांडत नाही, असं तिचं म्हणणं. ही रीत यंत्रात घालून टाकावी, म्हणजे ताराबाई असो की आणखी कुणी, कुणाला ती मोडता येणार नाही. त्यासाठी तिने माहेरून आणलेली पाट, म्हणजे तरणी शेळी, विकली आणि क्लासची फी भरली.

मला ती बातमी क्लासच्या रजिस्टरात कळली. त्या दिवशी मी घरी येऊन जे बोललो ते दादाला अजून आठवत असेल. शेवटी मी अटी घातल्या. जीपमध्ये ती मागे बसेल, मी पुढे. स्टँडवर उतरल्यावर मी निघून गेलो की मग तिने निघायचं. क्लासमध्ये नातं सांगायचं नाही. आणि भावजी म्हणायचं नाही, सर म्हणायचं.

वहिनी तेव्हा हसली होती. ‘बरं की. घरी भावजी, क्लासात सर. दोन पगार द्या मग मला.’

सहा महिने ती माझ्या मागे पन्नास पावलं अंतर ठेवून चालली. मी मागे वळून बघायचो, ते ती फार जवळ आली नाही ना एवढं बघायला.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकाला एक प्रोग्राम करून दाखवायचा असायचा. पोरांनी नोट्समधलेच प्रोग्राम नावं बदलून आणले, गुणाकाराचा पाढा, मार्कांची बेरीज. वहिनीने कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिला. वहीत आधी पूर्ण लिहून, मग एका बोटाने टाइप करून. आज मी शाळेत मुलांना शिकवतो तेव्हा पहिल्याच खेपेला गरजेचा प्रोग्राम लिहिणारं पोर हाती लागलं तर मी त्याला जपतो. तेव्हा मी काय केलं ते सांगतो. मी सगळ्या पोरांना तिच्या कंप्युटरभोवती उभं केलं आणि म्हणालो, ‘बाई, चालवा तुमचं गिरमिट.’

तिने रक्कम विचारली जाताच टाइप केलं : 5,000/-. पावतीपुस्तकात लिहितात तसं, स्वल्पविराम देऊन, पुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ. यंत्राने स्वल्पविरामापाशी वाचणं थांबवलं, कर्ज पाच रुपये धरलं आणि पुढे स्क्रीनवर कचरा ओतला.

‘पाच रुपये कर्ज!’ मी म्हणालो. ‘चहाला घेतलं का?’

पोरं हसली. वहिनीही हसली. ‘चुकलं, सर. बिगर कोमाचं टाकते.’

या वेळी बरोबर चाललं. पण मला थांबायचं नव्हतं. मी कीबोर्ड ओढून घेतला आणि रक्कम वीस हजार टाकली. तिने आकडे ज्या खान्यात ठेवले होते तो लहान होता. बत्तीस हजारांच्या पुढे गेलं की त्यात आकडा मावत नसे, उलटा फिरून उणे व्हायचा. वीस हजार गुणिले दोन म्हणजे चाळीस हजार. व्याज आलं उणे दोनशे पंचावन्न.

‘बघा रे,’ मी पोरांना म्हणालो. ‘यांच्या गटात कर्ज घेतलं की गटच तुम्हाला व्याज देतो. उद्याच जाऊन रांग लावा.’

‘वीस हजार आमच्या गटात कोण घेतंय, सर?’ ती म्हणाली. ‘आमची उडी पाच-दहा हजाराची.’

‘यंत्राला तुमची उडी माहीत नसते, बाई.’

मग मी मुदतीच्या जागी शून्य टाकलं. भागाकार अडला, प्रोग्राम बंद पडून मागच्या काळ्या पडद्यावर येऊन पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. या तिन्ही चुका खऱ्या होत्या आणि शिकवणाऱ्याने त्या दाखवायलाच हव्या होत्या, ही पळवाट मी पुष्कळ वर्षं वापरली. पण चूक दाखवणं वेगळं आणि माणूस उघडा पाडणं वेगळं. तिन्ही दुरुस्त्या मी पाच मिनिटांत केल्या, वर तिचं सूत्र काढून बँकेचं सूत्र घातलं, समान हप्त्याचं, वार्षिक दराचं. ते सूत्र मी एका गाइडातून पाठ केलं होतं. ते कुठून येतं हे मला कुणी विचारलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

मग खाली जाताना त्या सात ओळी दिसल्या. त्यांत बाहेर, पुनव असले काहीतरी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले होते आणि मध्ये कुठेतरी व्याज बरोबर शून्य असं होतं. मला ते शून्य तेवढं दिसलं.

‘हे काय? व्याज शून्य?’

‘ते ऱ्हाऊ द्या, सर. ते चुकलेलं न्हाई.’ ती पहिल्यांदाच पुढे झुकली. ‘मेंढरं बाहीर असली की—’

मेंढरं हा शब्द पोरांसमोर आला आणि माझ्या कानशिलांतून आग निघाली. ती पुढे म्हणणार, आपल्या घरची, आपली. आता सगळ्यांना कळणार. मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

‘बाई, सूत्राला मेंढरं कळत नाहीत,’ मी म्हणालो. पोरं खिदळली. कंट्रोल आणि वाय दाबलं की त्या पडद्यावर एक अख्खी ओळ पुसली जायची. मी सात वेळा दाबलं. मोजून, तोऱ्यात, प्रत्येक वेळी बोट उंच उचलून. ती ओळींकडे बघत होती. सातवी गेल्यावर तिने वही मिटली आणि पिशवीत ठेवली.

त्यानंतर क्लासच्या मालकांना एक हुक्की आली. वस्तीवरची बाई कंप्युटर शिकली, याची जाहिरात होईल, म्हणून त्यांनी माझ्या दुरुस्त प्रोग्राममधून गटाच्या पंधराही बायकांचे हप्त्यांचे तक्ते काढले. भोकाच्या कागदावर, करकरत्या प्रिंटरवर. खाली नाव टाकायचं होतं. मालक म्हणाले, तुझंही घालू. मी म्हणालो, नको, त्यांचंच घाला. असल्या गावठी कामाखाली मला माझं नाव नको होतं. मालकांना तो माझा मोठेपणा वाटला. तक्ते हार घालून थेट ताराबाईंच्या हातात गेले.

वहिनीचा कोर्स संपला होता, तिला पुन्हा कंप्युटरपाशी बसता येणार नव्हतं, फ्लॉपी माझ्याकडे होती. ती चुलीपाशी बसून मला म्हणाली, ‘भावजी, त्या सात वळी परत घाला ना. तक्ते पुन्हा काढून द्या. रुक्मिणकाकू दिवाळीनंतर जायलीय कळप घेऊन. तिचा हिशेब बिघडंल.’

‘बघू,’ मी म्हणालो.

संक्रांतीला तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, मालकांकडे शाई संपली आहे. पाडव्याला विचारलं. मी म्हणालो, ‘वैनी, आठ महिने आहेत अजून, घाई काय?’ तेव्हा चार राहिले होते. काम दहा मिनिटांचं होतं. मी ते केलं नाही, कारण त्या फ्लॉपीतले तिचे शब्द पुन्हा उघडून बघायचे म्हटले की मला परत तो वास यायचा.

रुक्मिणकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या आवारातली. मायच्या वयाची, कपाळावर मोठं गोंदण, आवाज असा की दोन रानं पलीकडचं कुत्रं वळायचं. लहानपणी माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला की मी मायकडे नाही, तिच्याकडे जायचो. तिने गटातून पाच हजार घेतले होते, दोन हप्ते वेळेवर भरून ती कळपामागे गेली. त्या वर्षी रानात रोग आला आणि तिची निम्मी मेंढरं वाटेतच गेली. पुढची कर्जाची पाळी तिची होती, दहा हजारांची. त्यात नव्या माद्या घेऊन कळप पुन्हा उभा करायचा, हा एकच इरादा धरून ती आखाडात परत आली. ज्याची थकबाकी असेल त्याची पाळी जाते, हा गटाचा नियम होता, पण काकूची थकबाकी असायचं कारणच नव्हतं.

आखाडी पुनवेच्या बैठकीला ताराबाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. खुर्ची दिली होती. एवढ्या बायका जमिनीवर आणि मी खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. ताराबाईंनी तक्ता उघडला आणि वाचला. ‘रुक्मिणबाई. आठ हप्ते थकीत. त्याच्यावर व्याज.’

‘थकीत कामून?’ काकू म्हणाली. ‘आठ पुनवा मी रानात होते. धरायच्याच न्हाईत त्या. इतक्या वर्सांची रीत हाय.’

‘रीत तोंडी होती. आता कागूद हाय. कंप्युटरनं काढलेला.’ ताराबाई माझ्याकडे वळल्या. ‘हे बसलेत सर. इचारा त्यांला. सर, कागूद चुकतो का?’

कुठेतरी शाळेच्या पत्र्यावर चिमणी नखं घासत होती. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर गटाची वही. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, घाई नसल्यासारखं. मला बोलायचं होतं ते दोन वाक्यांचं होतं. प्रोग्राममध्ये सात ओळी होत्या, त्या मी काढल्या. पण मग कुणीतरी विचारलं असतं, का काढल्या. आणि मला त्या खुर्चीत बसून सांगावं लागलं असतं की मेंढरांची लाज वाटली म्हणून.

‘कंप्युटर चुकत नाही,’ मी म्हणालो.

काकू थोडा वेळ मला बघत राहिली, काटा नेमका कुठे आहे ते बघत असावी तशी. मग वहिनीकडे वळली. ‘कमल, खाली तुझं नाव हाय मनं. तूच केलंस का गं हे?’

वहिनीने वही मिटली.

‘व्हय काकू,’ ती म्हणाली. ‘म्याच केलंय.’

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी खुर्चीतून उठू शकलो असतो. मी रुमाल काढून चष्मा पुसला. त्या काळी मला चष्म्याची गरजही नव्हती, हुशार दिसतो म्हणून बिननंबरी घेतला होता. या माणसाबद्दल मला आज दया येत नाही. काही लोक म्हणतात, तरुण वयात होतं असं. कोकरं विकून शिकवलेल्या तरुणाच्या हातून होऊ नये एवढंच मला कळतं.

काकूची पाळी ताराबाईंच्या जावेला गेली. काकूने उरलेली मेंढरं विकून गटाचे पैसे तक्त्याप्रमाणे फेडले, शेवटच्या रुपयापर्यंत, आणि पुन्हा बैठकीला आली नाही. पुढच्या दसऱ्यानंतर ती कळपामागे गेली नाही, ऊस तोडायच्या टोळीत गेली. आमच्या शेजारचं आवार रिकामं झालं. वहिनीने सचिवपद त्याच दिवशी सोडलं. घरी येताना मी नेहमीच्या सवयीने पुढे निघालो, पण ती मला ओलांडून गेली आणि सबंध दीड कोस माझ्यापुढे पन्नास पावलं चालत राहिली. एकदाही तिने मागे बघितलं नाही. जेवायला बसलो. अंबाडीची भाजी होती. माय कातत होती, आबा कानफाटीच्या खुराला तेल लावत होते. वहिनीने भाकर हातात धरली आणि म्हणाली :

‘सर, वाढू का?’

आबा हसले. ‘घरात कायचा सर आलाय?’

‘हायेत की,’ वहिनी म्हणाली. ‘लय शिकलेले हायेत.’

त्या दिवसापासून आजपर्यंत तिने मला भावजी म्हटलेलं नाही. माझ्या लग्नात नाही, आबा गेले तेव्हा नाही.

मी आता परभणीला एका शाळेत कंप्युटर शिकवतो. चष्म्याला नंबर आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी सोपे प्रोग्राम जमवताना मी कर्जाच्या हप्त्याचा प्रोग्राम नव्याने लिहिला, आणि लिहिता लिहिता वहिनीच्या त्या सात ओळी आठवून परत घातल्या. आकडे मोठ्या खान्यात ठेवले, स्वल्पविराम चालेल असं केलं, तिरकी रेघही. कार्तिक ते आखाड, आठ महिने, हप्ता शून्य, व्याज शून्य. मला फार भरून आलं. अपराधी माणसाला भरून यायला फारसं काही लागत नाही. लॅपटॉप घेऊन मी रविवारी वस्तीवर गेलो.

वहिनी ओसरीत हरभरे निवडत होती. आता तिचे केस पिकलेत. गट मोडून नवा झाला, पुन्हा तीच सचिव आहे, हिशेब वहीत करते. मी म्हणालो, ‘वैनी, तुमचा प्रोग्राम दुरुस्त करून आणलाय. त्या सात ओळी घातल्यात.’

तिने सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पडद्याकडे बराच वेळ बघितलं. तिचं बोट एकेक ओळ खाली येत गेलं.

‘आठ महिने पक्के धरलेत तुमी?’

‘हो. दिवाळी ते आखाड.’

‘मंग धोंड्याच्या वर्साला?’ ती म्हणाली. ‘धोंडा मधी आला तर नऊ पुनवा होतात. पाऊस लांबला तर दहा. एखादी बाळंतीण मागं ऱ्हाऊन दोन महिन्यानं जाते. तिचं काय?’

मी पडद्यावरच्या आठाकडे बघितलं.

‘म्या आठ लिवलंच न्हवतं. तिथं इचारलं होतं, कवा गेली, कवा आली. ज्येची त्येनं सांगायची. वर दुसऱ्या एकीची साक्ष.’ तिने चष्मा काढला. ‘तुमी ते वाचलं न्हवतं ना, सर? न वाचताच पुसलं.’

‘नाही वाचलं,’ मी म्हणालो.

इतक्या वर्षांत मी हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बरोबर असलेल्या ओळी खोडल्या, एवढंच धरून मी अपराधी होत आलो होतो. त्या ओळींत काय आहे हे मला माहीतच नव्हतं.

ती आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. तीच वही, कडा उंदराने खाल्लेल्या. तिने पान काढलं आणि वाचून दाखवायला लागली, मी टाइप करत गेलो. सात ओळी, एकही अक्षर वाया नाही. शेवटी ती म्हणाली, ‘आता काकूचं घाला.’ रक्कम तिने तोंडपाठ सांगितली. गेली कवा, आली कवा. मी बटण दाबलं. थकीत हप्ते : शून्य.

वहिनीने तो आकडा बघितला, मान हलवली, जसं काही भाजीवाल्याने बरोबर सुट्टे परत दिले. हरभऱ्याचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

‘काकू पूर्ण्याला ऱ्हायलीय लेकीकडं. डोळ्यानं दिसत न्हाई आता, पण ऐकू चांगलं येतं,’ ती म्हणाली. ‘वाचून दाखवा तिला. आन खाली नाव कुणाचं ते बी सांगा.’

‘जातो,’ मी म्हणालो. ‘या पुनवेच्या आत जातो, वैनी.’

‘बघू,’ ती म्हणाली.

परभणीहून पूर्ण्याला गाडीने अर्धा तास लागतो. कागद छापलेला आहे, माझ्या नावासकट, टेबलाच्या खणात. दर रविवारी मी तो काढतो आणि परत ठेवतो. कधी पाहुणे आलेले असतात, कधी उन्ह फार असतं. त्या दिवसापासून आज आठ पुनवा झाल्या. आणि मी तर मेंढरं घेऊन कुठे बाहेरही गेलेलो नाही.